झाडतोडीचा दोर : घरगुती साधने आणि सुरक्षितता

वैद्यकांच्या स्मरणिकेत दोर, कप्पी आणि ओंडके यांविषयीचा लेख पाहून वाचकांस किंचित आश्चर्य वाटण्याचा संभव आहे. परंतु अपघाताचा आरंभ रुग्णालयात होत नाही. तो आधीच कोठेतरी, पुष्कळदा घराच्या परसातच, घडून गेलेला असतो. गोव्यात आपल्यापैकी बहुतेकांच्या घराभोवती अथवा दवाखान्याच्या आवारात माड, आंबा, फणस, चिंच यांपैकी काही ना काही उभे आहे. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ आपल्या किनाऱ्याजवळून गेले, तेव्हा अशी कित्येक झाडे घरांवर व विजेच्या तारांवर कोसळली. पाऊस सुरू होण्यापूर्वी धोक्याचे झाड उतरवून घ्यावे, हा विचार त्यानंतर अनेक घरांतून होऊ लागला आणि तो योग्यच आहे.

मात्र येथे एक विसंगती आहे. झाड तोडण्यापूर्वी आपण १९८४ च्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार परवानगी घेतो, मजुरी ठरवतो, लाकूड कोणी न्यायचे तेही ठरवतो. ज्या दोरावर आणि ज्या कप्पीवर तो सारा भार लोंबणार असतो, त्यांविषयी मात्र कोणीही एक प्रश्न विचारत नाही. ही साधने बहुधा घरगुती असतात, म्हणजे कामगारांनी स्वतः जुळवलेली किंवा जवळच्या वेल्डिंगच्या दुकानात करून घेतलेली. त्यांच्या सुरक्षिततेचा विचार सर्वसामान्य वाचकालाही समजेल अशा रीतीने मांडणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

काम कसे चालते

मोकळ्या जागेतील झाड बुंध्याशी तोडून पाडता येते. एका बाजूस कौलारू छप्पर, दुसऱ्या बाजूस शेजाऱ्याचे कुंपण आणि वरून विजेची तार अशा जागेतील झाड तसे पाडता येत नाही. मग एक कामगार वर चढतो आणि शेंड्याकडून एकेक तुकडा कापत खाली येतो. प्रत्येक तुकडा कापण्यापूर्वी दोराने बांधतात. तो दोर वरच्या एखाद्या बेचक्यातून किंवा तेथे बांधलेल्या कप्पीतून खाली येतो, बुंध्याभोवती दोन-तीन वेढे घेतो आणि त्याचे टोक खाली उभ्या असलेल्या दुसऱ्या कामगाराच्या हातात असते. तुकडा सुटला की तो दोर हळूहळू सोडत त्यास जमिनीवर उतरवतो.

म्हणजे या रचनेचे तीन अवयव आहेत : वरचा आधार, मधला दोर आणि खालचा रोध. मी पाहिलेल्या कामांत वरचा आधार म्हणजे बहुधा विहिरीवरची जुनी कप्पी, आणि ती अडकवण्यासाठी बांधकामाची सळई वाकवून केलेला आकडा. दोर म्हणजे मासेमारीच्या ट्रॉलरवरून किंवा मालमोटारीवरून बाद झालेला. खालचा रोध म्हणजे बुंधाच, अथवा लोखंडी नळीला दोन सळया आडव्या जोडून केलेला आणि साखळीने बुंध्यास बांधलेला खुंटा. कल्पकतेच्या दृष्टीने हे सारे कौतुकास्पद आहे. वीस मीटर उंचीवर तोल सांभाळणाऱ्या या माणसांच्या कौशल्याविषयी मला आदरच वाटतो. प्रश्न त्यांच्या कौशल्याचा नसून साधनांच्या सामर्थ्याचा आहे.

वजन आणि मात्रा

बालरोगतज्ज्ञ बालकाचे वजन केल्याविना औषधाची मात्रा लिहीत नाही. झाडतोडीत मात्र वजनाचा अंदाज डोळ्यांनीच घेतला जातो आणि डोळा येथे हमखास फसवतो. ओले लाकूड सुमारे पाण्याइतके जड धरावे. काही जाती त्याहून हलक्या तर काही थोड्या अधिक जड असतात. या हिशोबाने ३० सेंटिमीटर व्यासाचा आणि १ मीटर लांबीचा ओंडका सुमारे ७० किलो भरतो. व्यास दुप्पट, म्हणजे ६० सेंटिमीटर झाला, की तेवढ्याच लांबीचे वजन दुपटीने नव्हे, तर चौपटीने वाढून २८० किलो होते. जाडी थोडीच वाढली असे वाटते, त्याच वेळी भार सीमेपलीकडे गेलेला असतो.

दुसरी गोष्ट सुरक्षिततेच्या अंतराची. औषधाची उपयुक्त मात्रा आणि विषारी मात्रा यांतील अंतर आपण नेहमी ध्यानात ठेवतो. दोराचेही तसेच आहे. ज्या भाराने नवा, सरळ, गाठ नसलेला दोर तुटतो तो त्याचा तुटभार. प्रत्यक्ष कामात त्याच्या पाचव्या ते दहाव्या हिश्श्याइतकाच भार द्यावा असा संकेत आहे. हे अंतर अनाठायी नाही. दोरास गाठ मारली की तिच्या जातीनुसार त्याचे बळ साधारणपणे एक-तृतीयांश ते निम्म्याने घटते. नायलॉनचा दोर भिजला की त्याचे बळ आणखी दहा-पंधरा टक्क्यांनी कमी होते. पॉलिप्रॉपिलीनचा दोर उन्हात पडून राहिला की बाहेरून रंग विटतो आणि आतून तंतू ठिसूळ होतात. काथ्या आणि ताग ओलाव्याने कुजतात. बाद झालेला दोर या साऱ्या व्याधी घेऊनच आलेला असतो, आणि त्याचा मूळ तुटभार किती होता हे कोणालाही ठाऊक नसते. मुदत संपलेली, चिठ्ठी निघून गेलेली औषधाची बाटली आपण रुग्णासाठी वापरणार नाही. येथे तेच घडत असते.

धक्क्याचे गणित

‘याच दोराने आम्ही दोनशे किलोचे इंजिन उचलले आहे,’ असे एखादा कामगार विश्वासाने सांगतो, आणि ते खरेही असते. परंतु शांतपणे लोंबणारा भार आणि पडता पडता अडवलेला भार यांत महदंतर आहे. कप्पी कापाच्या वर असेल तर तुकडा फारसा न पडता दोरावर येतो. परंतु झाडाचा शेंडा गेल्यावर वर आधार उरत नाही. तेव्हा कप्पी कापाच्या खाली बांधावी लागते, आणि सुटलेला ओंडका आधी कोसळतो, मग दोर त्यास अडवतो.

समजा, ७० किलोचा ओंडका २ मीटर कोसळला आणि दोर ताणून व झाड वाकून मिळून आणखी अर्ध्या मीटरमध्ये तो थांबला. पडताना मिळवलेली सारी ऊर्जा त्या अर्ध्या मीटरमध्ये शोषली जावयाची असल्यामुळे दोरातील कमाल ताण सुमारे ७०० किलोंवर, म्हणजे वजनाच्या दसपट जातो. दोर कमी ताणणारा असून थांबण्याचे अंतर पाव मीटरच मिळाले, तर हाच ताण सुमारे १२६० किलो होतो. शिवाय कप्पीवर दोराची एक बाजू भार ओढते आणि दुसरी बाजू रोधाकडे ओढते. त्यामुळे कप्पी आणि तिचा आकडा यांवर येणारा भार दोरातील ताणाच्या जवळजवळ दुप्पट असतो. विहिरीची कप्पी पाण्याची कळशी किंवा बादली ओढण्यासाठी, म्हणजे पंधरा-वीस किलोंसाठी केलेली असते. वरील उदाहरणात तिच्यावर क्षणभर चौदाशे किलोंच्या आसपास भार येऊ शकतो. ती तरीही टिकली, तर ते तिचे सामर्थ्य नव्हे, आपले दैव.

वेढ्यांचा भरवसा

खालचा कामगार एका हाताने एवढा मोठा भार कसा पेलतो, याचे कोडे घर्षणाने सुटते. गोल वस्तूभोवती दोराचा एकेक वेढा वाढला की हातातील ताण बेरजेने नव्हे, तर गुणाकाराने कमी होतो. ऑयलर व आयटेलवाईन यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सूत्रानुसार घर्षणांक ०.२५ असेल तर एका वेढ्याने सुमारे पाचपट आणि दोन वेढ्यांनी सुमारे तेवीसपट लाभ होतो. म्हणजे दोन वेढे घेतल्यावर ७० किलोंचा भार हाताला जेमतेम तीन किलोंचा वाटतो, आणि ७०० किलोंचा धक्काही तीस किलोंवर येतो.

परंतु हाच घर्षणांक ०.१ पर्यंत उतरला, तर त्याच दोन वेढ्यांनी लाभ होतो केवळ साडेतीनपट. मग ७०० किलोंच्या धक्क्यातील सुमारे दोनशे किलो थेट माणसाच्या हातात येतात. घरगुती खुंट्याची मेख येथेच आहे. त्याची नळी गंजलेली आहे की घासून गुळगुळीत झाली आहे, तिला तैलरंग दिला आहे काय, तिच्यावर फणसाचा चीक सांडला आहे काय, दोर ओला आहे काय, यांवर हा आकडा बदलतो. काल ज्या खुंट्यावर दोर घट्ट बसला तोच आज सरकू शकतो. शिवाय दोर वेगाने सरकला की त्याच जागी उष्णता साठते. पॉलिप्रॉपिलीन सुमारे १६५ अंश सेल्सिअसला वितळते, आणि नळीवर घासणारा पृष्ठभाग त्याच्या कितीतरी आधीच मऊ पडू लागतो.

दोर सरकू लागला की कामगार स्वाभाविकपणे तो मुठीभोवती गुंडाळतो. बोटे तुटण्याचे आणि हाताची त्वचा मोज्यासारखी सोलून निघण्याचे हे कारण शल्यचिकित्सक बंधूंना चांगले परिचित आहे. दोर मुठीभोवती कधीही गुंडाळू नये, हा या कामातील पहिला नियम होय.

‘घरगुती’ म्हणजे नेमके काय उणे?

घरी केलेली प्रत्येक वस्तू टाकाऊ असते असे माझे मुळीच म्हणणे नाही. केरळातील कण्णूर जिल्ह्याचे शेतकरी एम. जे. जोसेफ ऊर्फ अप्पच्चन यांनी माडावर चढण्याचे यंत्र स्वतःच्या कल्पनेने घडवले आणि ते पुढे दूरवर पसरले. नारळ विकास मंडळाने २०११ पासून माडावर यंत्राने चढण्याचे प्रशिक्षणही तरुणांना देण्यास आरंभ केला. परंतु अशा यंत्राचे रूप एकदा निश्चित होते, त्याच्या सारख्या प्रती निघतात, त्यांतील दोष पुष्कळांच्या अनुभवातून उघड होतात आणि वापराचे शिक्षण दिले जाते. एकाच्या बुद्धीतून निघालेली वस्तू अशा रीतीने साधन बनते.

वेल्डिंगच्या दुकानातून संध्याकाळी आणलेल्या आकड्याच्या वाट्यास यांपैकी काहीही येत नाही. जोड बाहेरून गुळगुळीत दिसला तरी आत धातू एकजीव झाला आहे की नाही, हे डोळ्यांना कळत नाही. बांधकामाची सळई थंड असताना फार आखूड वळणात वाकवली की बाहेरच्या अंगास सूक्ष्म चिरा पडू शकतात. कापलेल्या कडा घासून गोल केलेल्या नसतात आणि त्या ताणलेल्या दोरास सुरीसारख्या कापतात. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे त्यावर किती भार द्यावा हे कोठेही लिहिलेले नसते, कारण ते कोणालाच माहीत नसते.

ब्रिटनमध्ये भार उचलण्याच्या कामांविषयी १९९८ साली केलेल्या विनियमांत भार ‘उतरवणे’ हेही ‘उचलणे’ याच व्याख्येत घातले आहे. त्यामुळे झाडावरील दोर व कप्प्याही त्यांच्या कक्षेत येतात. साधनावर सुरक्षित भार नोंदलेला असावा आणि माणसे उचलणाऱ्या साधनांची तसेच दोर-कप्पीसारख्या जोडसाधनांची जाणकाराने सर्वसाधारणपणे दर सहा महिन्यांनी कसून तपासणी करावी, असा तेथील दंडक आहे. आपल्याकडेही १९४८ च्या कारखाना अधिनियमाच्या कलम २९ ने दोर, साखळ्या व कप्प्या यांवर सुरक्षित भार ठळकपणे लिहिण्याची आणि वर्षातून एकदा तरी त्यांची तपासणी करण्याची अट घातली होती. तत्त्व आपणांस नवे नाही. ते कारखान्याच्या फाटकाबाहेर पडून आपल्या परसापर्यंत पोहोचलेले नाही, इतकेच.

अंगणातील मूल

झाडतोडीचा हंगाम एप्रिल-मे आणि मुलांची सुट्टीही त्याच सुमारास. उंच चढलेला माणूस, करवतीचा आवाज, हवेत तरंगत उतरणारी फांदी यांहून मोठा तमाशा मुलांसाठी दुसरा नाही.

काही वर्षांपूर्वी नऊ वर्षांच्या एका मुलास माझ्याकडे आणण्यात आले. तो झाडाखाली उभा नव्हता. कुंपणापलीकडे, सर्वांनी सुरक्षित मानलेल्या जागी होता. कप्पी अडकवलेला सळईचा आकडा उघडला, ओंडका लंबकासारखा झोकांडा घेऊन चिऱ्यांच्या कुंपणावर आदळला आणि निखळलेला चिरा मुलाच्या पोटास लागला. मूल चालत आले होते. पोटावर किरकोळ खरचटले होते आणि रक्तदाब अगदी स्वाभाविक होता. त्याची तक्रार होती ती डाव्या खांद्याची, आणि खांद्यावर तर कसलीही खूण नव्हती. नाडी मात्र मिनिटास १४४ होती. सोनोग्राफीत प्लीहा विदीर्ण झालेली आणि पोटात रक्त साचलेले आढळले. सुदैवाने शस्त्रक्रियेविना, केवळ काटेकोर देखरेखीखाली तो बरा झाला. तो आकडा तीन वर्षे बिनतक्रार चालला होता, असे कामगाराने नंतर सांगितले. त्याचे म्हणणे खरे असणार. परंतु प्रत्येक मोठ्या धक्क्यासरशी आकड्याचे वळण थोडे थोडे उघडत गेलेले असते, आणि ती तीन वर्षे म्हणजे त्याच्या बळाचा पुरावा नसून त्याच्या झिजेचा इतिहास असतो.

मुलांच्या शरीराची काही वैशिष्ट्ये येथे नमूद करणे उचित ठरेल. बालकाचा रक्तदाब बराच काळ टिकून राहतो. एक-चतुर्थांशाहून अधिक रक्त गेल्यावरच तो पुष्कळदा ढासळतो, आणि एकदा ढासळला की वेगाने ढासळतो. वाढलेली नाडी व थंड पडलेले हातपाय हीच आधीची सूचना. फासळ्या लवचीक असल्याने एकही फासळी न मोडता फुप्फुसास इजा होऊ शकते. साध्या क्ष-किरण चित्रात मणक्यांची हाडे धड दिसत असतानाही मज्जारज्जूस इजा झालेली असू शकते. तेव्हा ‘बाहेरून काही लागलेले दिसत नाही’ या वाक्यावर मुलाच्या बाबतीत विसंबू नये.

प्रसंग ओढवल्यास

झाडावरून पडलेल्या किंवा ओंडका लागलेल्या व्यक्तीस बसवू नये, उचलून उभे करू नये आणि पाणी पाजू नये. मान व पाठ एका रेषेत ठेवून १०८ ला पाचारण करावे. रक्तस्राव होत असल्यास स्वच्छ कापडाने जागेवर घट्ट दाब द्यावा. सुमारे आठ वर्षांखालील मुलाचे डोके शरीराच्या मानाने मोठे असल्याने सपाट फळीवर त्याची मान पुढे झुकते. ती टाळण्यासाठी खांद्यांपासून खाली धडाखाली दोन-तीन सेंटिमीटर जाडीची घडी ठेवावी.

चढणारा कामगार घसरून दोरास लोंबकळत राहिला, तर ती निकडीची अवस्था समजावी. नुसता कमरेस किंवा छातीस बांधलेला दोर श्वास कोंडतो. पट्टा व्यवस्थित असला तरी निश्चल लोंबकळल्याने पायांत रक्त साचून काही मिनिटांत भोवळ येऊ शकते. त्यास पाय हलवत राहण्यास सांगावे आणि शक्य तितक्या त्वरेने खाली आणावे. अशा माणसास खाली आणल्यावर आडवे करू नये, बसवून ठेवावे, असा सल्ला पूर्वी दिला जात असे. ब्रिटनच्या आरोग्य व सुरक्षा यंत्रणेसाठी २००९ मध्ये झालेल्या आढाव्यात त्या सल्ल्यास आधार आढळला नाही. त्यास नेहमीप्रमाणे सपाट निजवून श्वसनमार्ग, श्वसन व रक्ताभिसरण या क्रमानेच उपचार करावेत.

पाय किंवा मांडी ओंडक्याखाली सापडली असून नुकतीच घटना घडली असेल, तर ओंडका लगेच हटवावा. बराच वेळ लोटला असेल, तर सोडवण्यापूर्वीच शिरेतून नॉर्मल सलाइन सुरू करावे आणि पोटॅशियमयुक्त द्रव टाळावेत, हे वैद्यक बंधुभगिनींना सांगावयास नको.

घरमालकाने काय पाहावे?

आपण यंत्रशास्त्राचे जाणकार नसलो तरी पुढील गोष्टी निश्चितच पाहू शकतो.

१. दोर कोठून आणला हे विचारावे. बाद झालेला, विटलेला, पीळ सुटलेला, वितळून चकाकलेला किंवा मध्येच गाठ मारून जोडलेला दोर नाकारावा. नव्या दोराचा खर्च आपण द्यावा. उपचारांच्या खर्चापुढे तो नगण्य आहे.

२. विहिरीची कप्पी, सळईचा आकडा आणि ज्यावर सुरक्षित भार लिहिलेला नाही असा वेल्डिंगचा खुंटा माणसे वावरत असलेल्या जागी वापरू देऊ नये. भार कोरलेल्या कप्प्या व कड्या बाजारात मिळतात.

३. तुकडे लहान कापण्याचा आग्रह धरावा. कामगार मोठे तुकडे कापतो तो बहुधा वेळ वाचवण्यासाठी. तेव्हा मजुरी झाडावर न ठरवता दिवसावर ठरवावी.

४. चढणाऱ्याचा स्वतःचा दोर आणि ओंडक्याचा दोर वेगवेगळे असावेत व ते वेगवेगळ्या ठिकाणी बांधावेत.

५. तार जवळ असल्यास वीज खात्यास कळवून पुरवठा बंद करून घ्यावा. पावसात वा वाऱ्यात काम थांबवावे.

६. झाडाच्या उंचीच्या दुप्पट अंतरात कामगारांखेरीज कोणीही असू नये. आपल्या वस्तीत एवढी जागा क्वचितच असते. म्हणून त्या दिवसापुरते आपल्या आणि शेजाऱ्यांच्या मुलांना अन्यत्र पाठवावे. कामगारांची मुले बरोबर आली असतील, तर त्यांचीही सोय आपणच करावी.

यांतील शेवटची सूचना मी सर्वांत महत्त्वाची मानतो. दोर तुटेल की नाही याचे उत्तर कोणत्याही क्षणी पूर्ण खात्रीने देता येत नाही. तो तुटला तर खाली कोण असेल, हे मात्र पूर्णपणे आपल्या हाती आहे. दोन्हींची काळजी घ्यावयास हवी, आणि दुसरीस एक पैचाही खर्च नाही. येत्या मे महिन्यात आपल्या परसात करवत चालू होण्यापूर्वी प्रत्येक घरमालकाने तो दोर एकदा आपल्या हातांत घेऊन पाहावा आणि मगच मुलांना निरोप देऊन कामास आरंभ करवावा, एवढीच विनंती.